कोरेगावची लढाई : आख्यायिका, इतिहास आणि आपली जबाबदारी

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या सायंकाळी, वंदना आटोपल्यावर, आपल्या विद्यालयाच्या सभागृहात वक्तृत्व स्पर्धा होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात मुले शिक्षकांसोबत भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देण्यासाठी निघतात. ही स्मरणिका ज्यांच्या हाती आहे त्यांतील कित्येकांनी त्याच व्यासपीठावर उभे राहून आयुष्यातले पहिले भाषण केले असेल. त्या भाषणातील एक वाक्य पिढ्या बदलल्या तरी बदलले नाही. पाचशे महार वीरांनी पेशव्यांचे अठ्ठावीस हजार सैन्य कापून काढले आणि एका दिवसात पेशवाई बुडवली, हे ते वाक्य. त्यापुढे बहुधा भागाकार येतो : अठ्ठावीस हजार भागिले पाचशे, म्हणजे एकेका वीराने छप्पन्न जणांना लोळवले. त्या आकड्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो. आम्हीही त्या टाळ्यांत सामील असायचो. एवढेच नव्हे, तर ते वाक्य मुलांकडून घोटून घेणारेही आम्हीच होतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. तो परगावच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होता. तेथील एका चर्चेत त्याने हेच वाक्य पूर्ण आत्मविश्वासाने म्हटले. समोरच्या विद्यार्थ्याने शांतपणे दोन प्रश्न विचारले. अठ्ठावीस हजार मेले, तर त्यानंतर पाच महिने पेशवा कोणाला घेऊन लढत होता? आणि पाचशेच्या पाचशे महारच होते, हे कशावरून? आपल्या मुलाकडे उत्तर नव्हते. वर्गात हशा पिकला. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, "सर, आम्हाला अपुरं का शिकवलंत?" 'खोटं' हा शब्द त्याने वापरला नव्हता. तो आम्हीच दोन ओळींच्या मध्ये वाचला.

ते पत्र शिक्षकांच्या बैठकीत वाचले गेले आणि आमच्यात मतभेद झाले. जी माणसे श्रद्धेने ही कथा सांगतात त्यांना दुरुस्त करावे का, कोणी करावे, कोणत्या प्रसंगी करावे, यांवर पुढे बराच काळ बोलणे होत राहिले. त्यातून आम्ही जेथवर पोहोचलो ते येथे मांडत आहोत.

प्रथम, त्या दिवशी काय घडले ते पाहू.

नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रज आणि दुसरा बाजीराव यांच्यात उघड युद्ध सुरू झाले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, पाठोपाठ येरवड्याची झाली, आणि १७ नोव्हेंबरला पुणे शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे कोरेगावच्या दीड महिना आधीच शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले होते. पेशवा पुणे सोडून फिरत होता आणि जनरल स्मिथचे सैन्य त्याच्या मागावर होते. डिसेंबरअखेर पेशवा पुन्हा पुण्याकडे वळला. पुण्यातील इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरच्या छावणीकडून कुमक मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्यासोबत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे पाचशे पायदळ, अडीचशे-तीनशे स्वार आणि सहा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा होत्या. तोफांवर मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज होते. हिशेबात एकूण संख्या ८३४ भरते.

रात्रभर चालून, सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर कापून, १ जानेवारी १८१८ च्या सकाळी हे सैन्य भीमेच्या काठी कोरेगावला आले. समोर, नदीपलीकडे, पेशव्याचा तळ होता. वीस हजार स्वार आणि आठ हजार पायदळ मिळून अठ्ठावीस हजार ही संख्या येथून येते. ती मनगढंत नाही, परंतु ती संपूर्ण तळाची आहे. प्रत्यक्ष गावावर चालून आले ते अरब, गोसावी आणि नियमित पायदळ यांच्या तीन तुकड्यांचे सुमारे दोन हजार सैनिक. त्यांना मागून कुमक मिळत राहिली. घोडदळाने गावाला वेढा घातला, पण गल्लीबोळांच्या लढाईत घोड्यांचा फारसा उपयोग नव्हता.

लढाई रात्री नऊपर्यंत चालली. आम्हाला विचाराल तर या दिवसातील सर्वांत भेदक गोष्ट आकड्यांत नाही, पाण्यात आहे. आदल्या रात्रीपासून चालून आलेले हे शिपाई न झोपता, न खाता गावात शिरले. नदी हाकेच्या अंतरावर होती आणि नदीकडे जाण्याची वाट शत्रूने रोखली होती. दिवसभर भीमा दिसत होती आणि ओठांना थेंब नव्हता. मातीच्या भिंतींआडून बंदूक भरायची, झाडायची, पुन्हा भरायची, असे दहा-अकरा तास चालले. रात्री हल्ले थांबल्यावर पाणी मिळाले. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता त्या समाजातील शिपाई त्या दिवशी नदीकाठी तहानेने व्याकुळ होऊन लढत होते, हे आम्ही मुलांना सांगू लागलो तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती छप्पन्नच्या टाळ्यांनी कधी पसरली नव्हती.

मधल्या काळात एक तोफ शत्रूच्या हाती गेली होती. तोफखान्याचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि त्याचे शिर कापले गेले. काही जण शरणागतीची भाषा करू लागले, तेव्हा स्टाँटनने ते शिरविरहित शव दाखवून शरण गेलेल्यांचे काय होते हे सांगितले, असे ग्रँट डफच्या इतिहासात आहे. लेफ्टनंट पॅटिन्सन गोळी लागलेली असतानाही बंदुकीचा दस्ता फिरवत पुढे गेला आणि तोफ परत मिळाली. त्याच्यामागे जे शिपाई धावले त्यांची नावे त्या पानावर नाहीत. इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासात गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे असतात आणि शिपायांची संख्या असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

८३४ पैकी २७५ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. पेशव्याच्या बाजूची हानी इंग्रजांच्या अंदाजाप्रमाणे पाचशे ते सहाशे होती. पेशव्याने गाव घेतले नाही आणि पुण्याकडेही तो गेला नाही. स्मिथ जवळ येत असल्याने त्याने दक्षिणेची वाट धरली. स्टाँटनही पुण्याला पोहोचला नाही. २ जानेवारीच्या रात्री तो जखमींना घेऊन शिरूरला परतला. पेशवाईचा शेवट पुढे झाला. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि जूनच्या आरंभी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

मग ही लढाई कोण जिंकले? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. स्तंभाचा पाया १८२१ मध्ये घातला गेला. त्यावरील इंग्रजी लेख कोरेगावच्या बचावाचे स्मारक म्हणून स्वतःची ओळख करून देतो आणि पुढे पूर्वेतील ब्रिटिश सैन्याच्या अभिमानास्पद विजयांत त्याची गणना करतो. दोन्ही शब्द तेथे आहेत. वेढ्यात सापडलेली एक तुकडी पराभूत झाली नाही आणि तिच्या शत्रूला माघारी जावे लागले, असे आम्ही मुलांना लिहून देतो. त्यास विजय म्हणावयाचे तर म्हणावे. लष्करी इतिहासात तग धरणे यालाही तोच मान आहे.

स्तंभावर धारातीर्थी पडलेल्यांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. महार शिपायांच्या नावांची ती त्या काळची खूण. उरलेल्यांत मराठा आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. म्हणजे पाचशे महार विरुद्ध पेशवा हे चित्र स्तंभालाच मान्य नाही. पण त्याचबरोबर, महारांचा तेथे काही संबंधच नव्हता, ही सगळी अलीकडची बनावट आहे, असे जे दुसऱ्या बाजूने ठासून सांगितले जाते, त्याला तर स्तंभ अधिकच स्पष्ट नकार देतो. सर्व पडलेल्यांमध्ये एका समाजाची नावे निम्म्याच्या जवळपास असावीत, यापेक्षा बळकट पुरावा कोणता हवा? तो दगडात आहे आणि तो खोदणाऱ्यांना आपल्या आजच्या वादांशी काही देणेघेणे नव्हते.

आणखी एक कथा आहे. लढाईपूर्वी शिदनाक पेशव्यांकडे गेला, आम्ही तुमच्या बाजूने लढतो, आम्हाला राज्यात कोणते स्थान द्याल असे त्याने विचारले, आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जागा नाही असे उत्तर मिळाले, असे ती सांगते. जलशांतून, गीतांतून, भाषणांतून ती आपल्या रक्तात भिनली आहे. लढाईच्या समकालीन कागदांत ही भेट नाही. शिदनाकाचे नाव मात्र खर्ड्याच्या, १७९५ च्या, लढाईशी जोडले जाते, आणि तेथे तो पेशव्यांच्या बाजूने लढला. तेव्हा ही कथा मुलांना सांगताना आम्ही 'अशी आख्यायिका आहे' हे तीन शब्द आरंभी जोडतो. आख्यायिका हा तुच्छतेचा शब्द नव्हे. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये लिहिले. त्या अपमानाच्या आठवणीला संवादाचे रूप देणारी ती कथा आहे. तो संवाद एखाद्या विशिष्ट दिवशी झाला असे म्हणणे एक, आणि तो संवाद पिढ्यान्‌पिढ्या मनात चालू होता असे म्हणणे दुसरे. दुसरे विधान आम्ही छातीठोकपणे करतो.

आता मूळ प्रश्नाकडे.

आमच्या एका सहकाऱ्याने बैठकीत रोखठोक आक्षेप घेतला होता. त्यांचे म्हणणे असे की, या देशात प्रत्येक समाज आपल्या वीरांविषयी अतिशयोक्ती करतो. पोवाड्यात एकेक मावळा शेकडो गनीम लोळवतो, चित्रपटात नायक एकटा फौज परतवतो, त्यावर कोणी तळटीप मागत नाही. मग शंभर पिढ्या ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते अशी आमची पोरेच तेवढी काटेकोर का असावीत? आम्हीच आमच्या हातची ढाल का टाकावी?

या आक्षेपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर होते असे नाही. त्यातील अन्याय खरा आहे. बलवान समाजाची अतिशयोक्ती प्रेम म्हणून खपते. आपली अतिशयोक्ती मात्र आपल्याच इतर सर्व म्हणण्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. आमच्या त्या विद्यार्थ्याबाबत हेच झाले. अठ्ठावीस हजारांचा आकडा कोसळला तेव्हा त्यासोबत झाडू-मडके, पाणवठा, २२ नावे, सारेच खोटे असल्यासारखे त्या वर्गात वाटले असणार. जी ढाल पहिल्याच घावाला फुटते ती ढाल मुलांच्या हाती देऊन त्यांना रणात पाठवणे आम्हाला पुढे जमेना.

तो आक्षेप घेणारे सहकारी गणित शिकवीत. त्यांनीच पुढे एकदा फळ्यावर वेगळे गणित मांडले, हे येथे नमूद केले पाहिजे. एका माणसाने छप्पन्न जण मारायचे, वेळ अकरा तास, म्हणजे दर बारा मिनिटांस एक, न चुकता, तहानलेल्या अवस्थेत, आणि तेही समोर केवळ दोन हजार आलेले असताना. मुले हसली. मग ते म्हणाले, आता खरे गणित करा : आठशे चौतीस, वेढा, पाणी नाही, दर तिघांतील एक पडलेला, तरीही जागा सोडली नाही. या वेळी कोणी हसले नाही.

तथागतांच्या उपदेशात या प्रश्नाला थेट भिडणारे दोन प्रसंग आहेत. पहिला दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तातला. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघाची निंदा करीत चालला होता आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती करीत होता. भिक्खूंनी ही गोष्ट भगवंतांना सांगितली. निंदा ऐकून रागावू नका, त्यात जे असत्य आहे ते असत्य म्हणून उलगडून दाखवा, असे भगवंत म्हणाले. इतके तर कोणीही सांगेल. पण पुढे त्यांनी स्तुतीबद्दलही तेच सांगितले : हुरळून जाऊ नका, त्यात जे सत्य आहे ते सत्य म्हणून मान्य करा. आपली निंदा तपासायला आपण नेहमी तयार असतो. आपली स्तुतीही तपासावी लागते, हे शिकवणारा शास्ता आपल्याला लाभला आहे. कोरेगावच्या बाबतीत आपण सुत्ताचा पूर्वार्ध पाळतो आणि उत्तरार्ध विसरतो.

दुसरा प्रसंग मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तातला. अप्रिय बोलावे का, या प्रश्नाच्या पेचात भगवंतांना पकडण्यासाठी अभय राजपुत्र आला होता. त्याच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल होते. या मुलाने तोंडात काडी वा खडा घातला तर काय करशील, असे भगवंतांनी विचारले. राजपुत्र म्हणाला, काढीन. सहज निघाला नाही तर एका हाताने डोके धरून, दुसऱ्या हाताचे बोट वाकडे करून, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, जे सत्य आहे आणि हितकारक आहे ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत बोलतात, पण बोलण्याची वेळ जाणून बोलतात. जे सत्य आहे पण हिताचे नाही ते बोलत नाहीत.

त्या उत्तरातील डोके धरणारा हात आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. चुका काढणाऱ्या पुष्कळ लोकांना बोट घालण्याची घाई असते. डोके धरायला हात मोकळा नसतो. आणि खडा काढून झाला की मूल रडते. तेव्हा त्याच्या तोंडात काही तरी खाण्याजोगे द्यावे लागते. छप्पन्नचा आकडा काढून घेऊन मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा शिक्षक विद्वान असेल, पण आम्ही त्याचे अनुकरण करणार नाही.

यातील 'वेळ' कशी ओळखावी, हे आम्हाला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शिकवले. काही वर्षांपूर्वी स्तंभाजवळच्या गर्दीत एक आजोबा, पांढरा सदरा, खिशाला निळी फीत, नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. आमच्या मुलांना पाहून ते आपणहून सांगू लागले, पाचशे आणि अठ्ठावीस हजार, अगदी त्याच शब्दांत. आमचा एक नवखा सहकारी पुढे सरसावला. "बाबा, खरं तर आकडे थोडे वेगळे आहेत," तो म्हणाला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिले. "आसतील, सर. मी शिकलेला न्हाय. माझ्या बापानं मला हितंच आनलं, तवा आमी चालत आलो हुतो. त्यानं सांगितलं त्येच सांगतो." एवढे बोलून त्यांनी नातवाचे दोन्ही हात जोडून स्तंभाला जय भीम करायला लावले.

आमचा सहकारी खजील झाला. त्याची माहिती बरोबर होती. पण ते आजोबा इतिहासाचे व्याख्यान देत नव्हते, ते वंदना करीत होते. वंदनेत कोणी कोणाला दुरुस्त करीत नाही. त्यांचा नातू उद्या आपल्या विद्यालयात आला तर मात्र त्याला आम्ही सर्व सांगू, कारण त्याला अशा वर्गांत बसावयाचे आहे जेथे त्याचे आजोबा सोबत नसतील.

व्यासपीठावर बोलणाऱ्या मुलालाही आम्ही तेथेच थांबवत नाही. लोकांसमोर मान खाली घालावी लागलेले मूल इतिहास शिकत नाही, बोलणे सोडते. त्याची संहिता आठ दिवस आधी मागून घेतो आणि त्याच्याशेजारी बसतो. पण ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक आहे, ज्याच्या नावाने पत्रके छापली जातात, अशा वक्त्याला सवलत नाही. त्याला सभेनंतर भेटून, आणि पुस्तिका छापली असेल तर लेखी, कळवावे. दोन वक्त्यांना आम्ही असे कळवले. एकांनी आभार मानले. दुसऱ्यांनी आम्ही कोणाच्या सांगण्यावरून बोलतो असा प्रश्न केला. असे होणारच. २०१८ च्या १ जानेवारीला त्या परिसरात जे घडले त्यानंतर हा विषय शांतपणे बोलणे दोन्ही बाजूंना अवघड झाले आहे, आणि आपल्याच माणसाने केलेली दुरुस्ती फितुरी वाटू शकते. म्हणून ती आपल्याच माणसाने करावी. परक्याने केली तर ती हल्लाच वाटेल, आणि पुष्कळदा ती हल्लाच असते.

ते शिपाई देशद्रोही होते, असे म्हणणाऱ्यालाही उत्तर द्यावे, आणि ते त्याच संयमाने. ज्या अर्थाने आज आपण देश हा शब्द वापरतो तो अर्थ १८१८ साली कोणत्याच छावणीत नव्हता. पेशव्याच्या बाजूने त्या दिवशी सर्वांत तिखट लढले ते पगारी अरब. कंपनीच्या बाजूने मराठाही पडले. दोन्हीकडे माणसे पोटासाठी आणि पलटणीच्या इभ्रतीसाठी लढत होती. हे मान्य केले की आपल्यालाही एक गोष्ट मान्य करावी लागते. प्रत्येक शिपाई त्या सकाळी जातिव्यवस्था मोडावयास निघाला होता असे आपण म्हणू शकत नाही. त्या दिवसाला तो अर्थ नंतर मिळाला, आणि तो कसा मिळाला हीच आपल्या समाजाच्या इतिहासातील खरी थोर हकिगत आहे. आपल्या भाषणांत ती जवळजवळ नसते, याची आम्हाला खंत वाटते.

ज्यांनी स्तंभ उभारला त्याच इंग्रजांनी १८९२-९३ मध्ये महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ आणि बिगरलढाऊ जातींचे नवे शास्त्र त्यांनी शोधून काढले होते. ज्यांची नावे आपण दगडात कोरली त्यांची नातवंडे लढाऊ नाहीत असे ठरले. मग निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरती पुन्हा खुली करण्यासाठी अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला हे या अर्जदारांचे हत्यार होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. सुभेदार रामजी सकपाळांचे पुत्र बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला आले, ते या पार्श्वभूमीवर. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. पुढे या रेजिमेंटला परमवीरचक्र मिळाले ते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, १९८७ साली, श्रीलंकेत, मरणोत्तर. ते तमिळ होते. मुलांना हे सांगितले की प्रथम ती गोंधळतात, आणि मग त्यांच्यातील कोणीतरी म्हणते, म्हणजे आता ती सगळ्यांची झाली.

आपल्या सभागृहाच्या डाव्या भिंतीवरील फलक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ५०० आणि २८,००० हे आकडे होते. तो आम्हीच रंगवून घेतला होता. दुसऱ्याला दुरुस्त करण्याआधी तो पुसणे भाग होते. गेल्या वर्षी कलाशिक्षकांनी आणि नववीच्या मुलांनी मिळून तो नव्याने रंगवला. आता त्यावर ८३४, ४९ आणि २२ हे आकडे आहेत, शेजारी नदी काढली आहे, आणि खाली १८१८, १८९२, १९२७, १९४१ ही वर्षे आहेत. ज्याने पत्र लिहिले होते त्या विद्यार्थ्याला फलकाचे छायाचित्र पाठवले. त्याचे उत्तर आले. नदीचा रंग फार गडद झाला आहे आणि जानेवारीत भीमेला एवढे पाणी नसते, असे त्याने कळवले आहे. कलाशिक्षकांनी ते मान्य केले असून उन्हाळ्याच्या सुट्टीत रंग पुन्हा काढावयाचा आहे.